खाली जोडलेला कागद

खांबेटे बाई आलेख काढतात पेन्सिलीने,
मिलिमीटरच्या कागदावर, शाळेत शिकवायच्या तसा.
आडवी तारीख, उभा भाव.
दत्तवाडीत, तांबोळीच्या झेरॉक्सच्या दुकानात,
साडेतीनला बाजार मिटला की
त्या एक ठिपका देतात,
आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघतो
तापाच्या पोराची काखेतली नळी बघावी तसं.

कंपनीचं नाव चिप्रा कार्ड्स. कारखाना भोसरीला.
नखाएवढी चिप, वर सोनेरी चौकडी,
ती प्लॅस्टिकमध्ये बसवली की
तो तुकडा सगळं ओळखतो म्हणे,
तुमचं रेशन, तुमचं रक्त, तुमचा थांबा.

मी सत्तावीस वर्षं कंडक्टर. कात्रज ते निगडी.
पंच परत केला तरी
झोपेत अंगठा दुमडतो, असं बायको सांगते.
फंडाच्या पैशातून पाचशे शेअर घेतले, बासष्टने,
त्याच कार्डाचे, जे आमचा पंच काढून घेणार होतं.
जावई हसला.
मी म्हटलं, अहो, जो आपलं घर पाडणार
त्याच्या घरात एक खोली तरी आपली असू द्या.

मग कुठल्याशा राज्याचं आरोग्य कार्डाचं काम मिळालं.
ठिपके चढत गेले. बाईंनी वर कागद चिकटवला.
दोनशे अठराला तांबोळी रंगीत मशीनचा भाव काढून आला,
आणि मी दोन रात्री विचार केला, विकू का.
बसमध्ये सोपं होतं :
एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल.
इथे दोरी कुठे आहे तेच दिसत नाही.

चिंचवडला मंगल कार्यालयात सभा झाली.
भिंतीवर आदल्या रात्रीच्या लग्नाचं थर्माकोल,
निम्मं सोललेलं,
चेअरमनच्या डोक्यावर नेमकं
चि. सौ. कां. उरलेलं.
प्रत्येकाला खोक्यात ढोकळा, केळ्याचे वेफर्स,
आणि एक नमुना कार्ड, आपल्या नावाचं.
माझ्यावर शितोळेचं शितळे झालेलं.

बाई उभ्या राहिल्या. पदर खोचलेला.
पान एकेचाळीस, म्हणाल्या,
येणे बाकी बावीस कोटी. कोणाकडून?
मॅडम, सरकारी पैसा आहे, येईल.
कधी येईल ते नाही विचारलं. कोणाकडून?
माइक खरखरला आणि गेला.
मागे कोणीतरी वेफर्सची पिशवी फोडली,
तेवढाच आवाज.

त्यानंतर अकरा दिवस लोअर सर्किट.
सव्वानऊला तांबोळी विकायची ऑर्डर रांगेत लावायचा,
साडेतीनला ती न विकता परत यायची,
शेवटची गाडी चुकलेल्या माणसासारखी.
विकणारे लाखांनी. घेणारा शून्य.
बाईंनी आता खाली कागद जोडला,
घरून वाटीत खळ करून आणली होती,
सांधा बोटाने दाबत राहिल्या, वाळेपर्यंत.
कोणी काही बोललं नाही.
दुकानात एक मुलगी जातीच्या दाखल्याच्या
सहा प्रती मागत होती.

काल बसमध्ये चढलो. नवा पोरगा, गळ्यात यंत्र.
काका, कार्ड आहे का?
आहे, म्हटलं.
खिशात हात घातला, शितळेला चाचपलं,
आणि त्याच्या हातावर नाणी ठेवली.
त्याने मोजली नाहीत. मी असतो तर मोजली असती.

आज व्यवहारच बंद केले त्या शेअरचे. पुढील सूचनेपर्यंत.
शेवटचा भाव चार पस्तीस.
मी म्हटलं, बाई, आता शून्यावर ठिपका द्या, सुटू एकदाचे.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
नापास मुलाकडे बघावं तसं, रागाने नाही.
शून्य वेगळं, शितोळे,
आणि नोंद नसणं वेगळं.

आजच्या तारखेची उभी रेघ त्यांनी कोरी सोडली.
तांबोळीने विचारलं, मग उद्या साडेतीनला काय करायचं?
बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या,
सालपट तुटू न देता.